बंद पडलेली दंतकथांची जुनी वेबसाइट परत कशी उभी करायची: ठाण्यात आम्ही केलं ते सगळं, पायरी पायरीने

माझ्या काकांनी २००२ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या दंतकथांची आणि स्थानिक इतिहासाची एक वेबसाइट केली होती. रिटायर झाल्यावर स्कूटरवरून गावोगाव फिरून जमवलेल्या गोष्टी होत्या त्यात, लग्नाला भांडी देणारा तलाव, किल्ल्यातलं भुयार, रुसलेली गावदेवी, येऊरच्या पाड्यावरचा वाघोबा. फुकटचं होस्टिंग होतं, ती सेवा एक दिवस बंद झाली आणि साइट गेली. काका गेल्यावर घर आवरताना बुटाच्या खोक्यात सहा सीड्या निघाल्या, प्रत्येकीवर मार्करने नुसतं "साइट" लिहिलेलं, आणि तिथून हे काम सुरू झालं. दीड वर्ष लागलं. आता कोणी ना कोणी विचारतं की आमच्याकडे पण वडिलांची किंवा मंडळाची अशी जुनी साइट आहे, काय करायचं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं त्यावर उभं आहे. साइट आधी जशी होती तशी परत उभी करायची, सुधारणा नंतर. पहिल्या आठवड्यात हात फार शिवशिवतात, शुद्धलेखन दुरुस्त करू, दोन सारख्या गोष्टी एकत्र करू, हे फालतू वाटतंय ते काढू. करू नका. काय फालतू आणि काय मोलाचं हे तुम्हाला तेव्हा कळत नसतं, मला तरी अजिबात कळत नव्हतं.

आधी सगळ्या प्रती गोळा करा

घरातल्या सीड्या, जुना कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह, प्रिंटआउट, काकांनी लोकांना पाठवलेल्या मेल, सगळं एका जागी आणा. सीडी जुनी असेल तर पुन्हा पुन्हा घालून बघत बसू नका, काढता-घालताना तिच्यावर चरे पडू शकतात. पहिल्यांदा घातली की तिची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची हुबेहूब एक फाइल, काढायची आणि मग सीडी बाजूला ठेवून द्यायची. आमच्या सहापैकी एक सीडी लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये वाचलीच जात नव्हती, शेजारच्या दादांकडे जुना डेस्कटॉप होता त्याच्या ड्राइव्हमध्ये ती वाचली गेली, त्यामुळे एका ड्राइव्हने नाही म्हटलं की लगेच हार मानायची नाही. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं टूल आहे, ते खराब जागा सोडून पुढचं वाचत जातं आणि मग परत मागे येऊन राहिलेलं वाचायचा प्रयत्न करतं.

हे सगळं "मूळ" नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला रीड ओन्ली करा. त्या फोल्डरमधलं एक अक्षरही बदलायचं नाही. काम करायचं ते त्याच्या कॉपीवर.

मग वेबॅक मशीन, म्हणजे जुनी वेबपानं साठवून ठेवणारी इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेची साइट. इंटरनेट अर्काइव्हकडे १९९६ पासूनची पानं आहेत, आणि तुमच्या साइटचा जुना पत्ता माहीत असेल तर बरंचसं तिथे मिळतं. पत्ता टाकून एकच तारीख बघून लोक परत येतात, तसं करू नका. पत्त्याच्या शेवटी स्लॅश आणि तारा टाकला की त्या साइटच्या त्यांनी साठवलेल्या सगळ्या फायलींची यादीच येते, आपल्याला कुठूनही लिंक नसलेली पानंसुद्धा त्यात दिसतात. आम्हाला "जुने" नावाचा एक अख्खा विभाग असाच मिळाला, काकांनी होमपेजवरून त्याची लिंक काढून टाकली होती.

दुसरी युक्ती अशी की वेबॅकचं पान सेव्ह केलं तर त्यात त्यांची पट्टी आणि बदललेल्या लिंका येतात. त्या पानाच्या पत्त्यात तारीख-वेळेचा १४ आकडी नंबर असतो, त्याला लागूनच पुढे आय, डी आणि अंडरस्कोर टाका, मग मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. पन्नास पानं असली तरी हे हाताने होतं, दोन रात्री जातात इतकंच. एका तारखेच्या पानात फोटो नसेल तर दुसऱ्या तारखेत बघा, फोटो बरेचदा वेगळ्या दिवशी साठवलेला असतो.

जुन्या साइटवर गेस्टबुक असायचं, वाचकांनी अभिप्राय लिहायचं पान, ते तर अजिबात टाकून देऊ नका. आमच्या गेस्टबुकात शेकडो जाहिराती घुसल्या होत्या, मी ते पुसणार होते, पण मधेच कोणीतरी लिहिलेलं सापडलं की आमच्या गावात हीच गोष्ट अशी सांगतात आणि तळं ते नाही हे आहे. अशा अकरा नोंदी निघाल्या. त्या अकरा म्हणजे गोष्टींच्या अकरा वेगळ्या आवृत्त्या, कोणी विचारलं नसताना लोकांनी आपणहून दिलेल्या.

फ्लॅशमध्ये (हलती चित्रं दाखवायचं जुनं तंत्र) काही केलेलं असेल तर ते ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्राउझरमध्ये चालत नाही, पण रफल नावाचं फुकट टूल आहे त्यात बऱ्याच जुन्या फायली उघडतात. उघडा, स्क्रीन रेकॉर्ड करा, पुढे चला.

डोमेन

जुनं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी संपतंय आणि कुठल्या रजिस्ट्रारकडे (नाव विकणाऱ्या कंपनीकडे) आहे ते हूइज या ऑनलाइन नोंदीत बघा, मालकाचं नाव आता बरेचदा लपवलेलं असतं. डॉट कॉम संपलं की लगेच सुटत नाही, आधी रजिस्ट्रारची सवलतीची मुदत असते, मग साधारण ३० दिवस जास्त पैसे भरून सोडवायचे, मग ५ दिवस आणि मग ते कोणालाही मोकळं. इतक्यात संपलं असेल तर आजच फोन करा. दुसऱ्या कोणी घेऊन तिथे जुगाराची जाहिरात लावली असेल आणि हजारो रुपये मागत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, देऊ नका. नवीन नाव घ्या आणि तो पैसा होस्टिंगला, स्कॅनिंगला घाला. जुनं डोमेन हातात असेल तर मात्र प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता टाकला तरी माणूस आपोआप नव्या पानावर जातो, कारण कुठल्यातरी पुस्तकात, कुठल्यातरी शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तो जुना पत्ता छापलेला असतो.

फॉण्टचं काम, सगळ्यात किचकट

२००० च्या आसपासच्या मराठी साइटी बहुतेक युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत, नसायच्या. शिवाजी, शुषा, कृतीदेव असे फॉण्ट, आणि प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की रोमन अक्षरं, कंस, डॉलर, टक्के असलं काहीतरी दिसतं आणि माणूस घाबरतो की सगळं खराब झालं. काही खराब नाही झालेलं. तो मजकूर पूर्ण आहे, वाचायची चावी तेवढी त्या फॉण्टमध्ये आहे.

पानाचा सोर्स उघडा आणि फॉण्टचं नाव शोधा. मग त्याच फॉण्टचा कन्व्हर्टर (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं टूल) वापरा, दुसऱ्याचा चालत नाही. एका पानात दोन फॉण्टही असू शकतात, आमच्याकडे मथळे एका फॉण्टमध्ये आणि मजकूर दुसऱ्यात होता. इथे मी एक मोठी चूक केली ती तुम्ही करू नका. मी आधी सगळे एचटीएमएल टॅग काढून साधा मजकूर केला आणि मग कन्व्हर्ट केला. टॅग गेले तसं कुठला तुकडा कुठल्या फॉण्टचा ही माहितीपण गेली, आणि पानात जी खरी इंग्रजी नावं होती, लेखकांची, पुस्तकांची, तीसुद्धा कन्व्हर्टरने मराठी समजून चिरडून टाकली. तीन आठवड्यांचं काम परत पहिल्यापासून करावं लागलं. टॅग शेवटी काढायचे.

कन्व्हर्ट झाल्यावर काय काय तपासायचं ते सांगते. जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षर-मात्रेच्या नंतर, म्हणजे जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये उलट असतं. कन्व्हर्टरने ही अदलाबदल नीट केली नाही की "धर्म" चं "धमर्" होतं, "मूर्ती" चं "मूतीर्" होतं, आणि "शिलाहार" मधली वेलांटी सुटून आधी येऊन लटकते. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला र दिसला की समजा रफार घसरलाय. मी तर सरळ पाय मोडका र आणि मग स्पेस असं सर्च करून एकेक जागा शोधली, फक्त एका विभागात चारशेच्या वर निघाल्या.

"पायऱ्या", "दऱ्या", "वाऱ्यावर" हे शब्द वेगळे बघा. त्यातला र हा मराठीचा खास आहे, तो नुक्त्याचा ऱ टाकून लिहावा लागतो, नाहीतर "पायर्‍या" चं "पायर्या" होऊन बसतं. ॲ चं पण असंच आहे. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधी लोक अ ला चंद्र जोडून काम भागवायचे. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात पण सर्च करताना सापडत नाहीत. सगळीकडे एकच ठेवा.

आकडे मात्र मशीनवर सोडू नका. १७३७ चं १७३१ झालं तर शुद्धलेखन तपासणारा काही ओरडत नाही. प्रत्येक सन, प्रत्येक शक मूळ फॉण्टमध्ये पान उघडून, शेजारी ठेवून, डोळ्याने वाचायचा. आम्ही दोघी बसायचो, एक मोठ्याने वाचायची आणि दुसरी बघायची.

२००६-०७ नंतरची पानं युनिकोडमध्ये असूनही टोप्या घातलेल्या ए सारखी अक्षरं दिसत असतील तर तो एन्कोडिंगचा घोळ आहे, यूटीएफ-८ म्हणून उघडलं की बहुतेक वेळा सुटतो. पण फाइलमध्येच ओळीने प्रश्नचिन्हं असतील तर तो मजकूर गेला, तो वेबॅकमध्ये किंवा प्रिंटआउटमध्येच शोधायचा. प्रिंटआउट असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्ट या टूलने ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून घ्या, त्यात मराठी आहे. पण प्रूफ वाचल्याशिवाय वापरू नका.

एक नोंदवही

स्प्रेडशीट बनवा, एका गोष्टीला एक ओळ. गोष्टीचं नाव, गाव, कोणी सांगितली, कधी, कोणी लिहून घेतली, जुना पत्ता, कुठल्या प्रतीतून आली, फोटो कोणाचा, काय तपासायचं बाकी आहे. कंटाळवाणं आहे पण हेच पुढे साइटचा कणा होतं. काकांनी बऱ्याच ठिकाणी "एका म्हातारबाबांनी सांगितलं" इतकंच लिहिलंय. तसंच ठेवलं. गाव माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही.

आणि एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या असतील तर दोन ओळी. दोन्ही मिळून एक "पूर्ण" गोष्ट बनवायचा मोह फार होतो. ती गोष्ट मग कोणाचीच राहत नाही, ती कधी कोणी कोणाला सांगितलेलीच नसते.

परवानग्या

लोककथेवर कोणाची मालकी नाही, पण ती ज्या शब्दांत लिहिलीय त्या शब्दांवर लिहिणाऱ्याचा हक्क असतो. आपल्याकडे तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे काकांच्या लेखनाचा हक्क आता काकूंकडे. घरातलंच आहे म्हणून सोडू नका, आम्ही काकूंकडून साधं एक पानी पत्र सही करून घेतलं. काकांना लेख देणाऱ्या चौघांना फोन केले, तिघांनी आनंदाने हो म्हटलं, चौथ्यांचा पत्ताच लागला नाही, त्यांच्या लेखाचा सारांश आमच्या शब्दांत दिला आणि लेख त्यांचा आहे असं नाव घातलं. नवीन साइटला क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लावलं, नाव देऊन कोणीही वापरा, पण पुढे तुम्हीही तसंच मोकळं ठेवा.

खरं काय, सांगीव काय

जुन्या साइटवर दंतकथा आणि इतिहास एकाच दमात सांगितलेला असतो. तो वेगळा काढायला पाहिजे पण दंतकथेला खोटं पाडण्यासाठी नाही. दंतकथा ही सुद्धा नोंदच आहे, लोकांना काय आठवायचं होतं याची नोंद. आम्ही तीन शिक्के केले: "लेखी", "सांगीव" आणि "काकांचा तर्क". प्रत्येक परिच्छेदाला एक. काकांचे शब्द बदलले नाहीत, खाली तळटीप घातली आणि तिच्याखाली तारीख.

उदाहरण म्हणून दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट घ्या. ते १२ सप्टेंबर १८१६ ला ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले हे लेखी आहे. खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एका मोतद्दाराने मराठी गाण्यातून पळून जायचा बेत त्यांच्या कानावर घातला आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना एक शब्द कळला नाही, हे सांगीव. ही गोष्ट त्या घटनेला काहीच वर्षं झालेली असतानाच लोक सांगत होते, म्हणजे सांगीव असली तरी जुनी आहे, आणि तेही लिहायला पाहिजे. नुसतं "दंतकथा" म्हणून सोडून दिलं असतं तर अर्धी गंमत गेली असती.

बेलापूरचं उलट आहे. चिमाजी अप्पांनी नवस बोलला की किल्ला पोर्तुगीजांकडून मिळाला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन, म्हणून बेलापूर, असं सांगतात. किल्ला मराठ्यांनी घेतला हा इतिहास, पण बेलाच्या माळेवरून नाव पडलं हे सांगीवच. तिथून घारापुरीपर्यंत भुयार आहे हे पण सांगीव. काकांनी त्या भुयाराचं तोंड शोधायला तीन चकरा मारल्याचं लिहिलंय, आणि तो परिच्छेद मला सगळ्या साइटवर सगळ्यात जास्त आवडतो. तो जसाच्या तसा आहे.

सन तपासताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि पौष ते फाल्गुनातली तारीख असेल तर बहुतेक ७९. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ च्या सुमारास खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, तो शक ९३९ चा, म्हणजे १०१७. काकांच्या पानावर ९३९ हा इसवी सन म्हणून छापला गेला होता. दुसरं म्हणजे जुनं वाचन. अंबरनाथच्या देवळातल्या शिलालेखाचा शक आधी ७८२ वाचला गेला होता, नंतर तो ९८२ ठरला, म्हणजे १०६०. जुन्या पुस्तकावरून उचललेल्या साइटवर अजून ८६० सापडतं. दोनशे वर्षांचा फरक! अशा ठिकाणी आकडा गुपचूप बदलू नका, आधी काय होतं आणि आता काय मानतात ते दोन्ही लिहा.

तपासायला कुठे जायचं? १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर (इंग्रजांच्या काळातला सरकारी माहितीग्रंथ) स्कॅन करून ऑनलाइन मोकळं आहे, तेरावा खंड दोन भागात आणि जागांची माहिती चौदाव्या खंडात आहे, तेव्हाचे तलाव, देवळं, जत्रा, मिठागरं, सगळं त्यात आहे. जुन्या उत्तर कोकणासाठी महिकावतीची बखर, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेली, पण ती वाचताना ती बखर आहे हे डोक्यात ठेवून वाचा. ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथे जाऊन बसा. इंटरनेटवर दहा ठिकाणी एकच वाक्य दिसलं म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही, बहुतेक वेळा एकाने दुसऱ्याचं उचललेलं असतं, आणि आमच्या बाबतीत तर तीन ठिकाणी ते काकांचंच वाक्य होतं, चुकीच्या सनासकट.

परत त्या गावात जा

हे काम लोक टाळतात आणि मला वाटतं इथेच साइटचा जीव आहे. २००२ ला काकांनी लिहिलंय "मिठागराच्या बांधावरून गेलं की वडाखाली बापदेव". आता तिथे बांध नाही, मिठागर नाही, सेक्टर नंबर आहे. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० ला आली, ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, आणि जुनी जागांची नावं आता गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडातच उरलीत. त्यामुळे जुन्या पानाची प्रिंट मोठ्या अक्षरात काढा, ती घेऊन जा आणि वाचून दाखवा. नुसतं "काही गोष्टी सांगा" म्हटलं तर कोणी बोलत नाही. चुकीची गोष्ट वाचून दाखवली की लगेच बोलतात.

घणसोलीला एका आजींना मी तलावातल्या भांड्यांची गोष्ट वाचून दाखवली. ती तर महाराष्ट्रभर सांगतात, लग्न असलं की आदल्या रात्री तळ्याकाठी जाऊन मागणं करायचं, सकाळी भांडी काठावर, काम झालं की परत द्यायची, एकाने एक ताट ठेवून घेतलं आणि तेव्हापासून तळं द्यायचं थांबलं. आजी मासळी साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ताट नाय गो, वाटी व्हती." मग म्हणाल्या की वाटी चोरली नव्हती, नव्या नवरीने बाळंतपणात लागेल म्हणून ठेवली होती, ती द्यायला गेली तेव्हा तळ्याने घेतली नाही. मला वाटायचं ही लोभाची गोष्ट आहे. आजींच्या तोंडून ती कोणा एका पोरीच्या दुःखाची गोष्ट झाली होती.

म्हणून बोली बदलायची नाही. आगरी-कोळी बोलीत ळ चा ल आणि ण चा न होतो, पाणी ला पानी, डोळे ला डोले. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर हे सगळं लाल करतं. बंद करा ते. जे ऐकलं ते लिहा आणि अवघड शब्दाचा अर्थ खाली द्या.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो, पण पंखा बंद करायला सांगा, फोन मांडीवर नको, समोर रुमालावर ठेवा. डब्ल्यूएव्ही मध्ये (आवाज न दाबता साठवणारा फाइलचा प्रकार) सेव्ह करणारं अॅप घ्या. सुरुवातीलाच गाव, तारीख आणि "हे आम्ही सगळ्यांना ऐकायला ठेवू का, तुमचं नाव घालू का" हे विचारा आणि त्यांचा होकार रेकॉर्डमध्येच येऊ दे. आजींनी नाव नको सांगितलं, म्हणून आमच्या साइटवर त्या "घणसोलीच्या आजी" आहेत. येऊरच्या पाड्यावर वाघोबाचं काही विचारायचं असेल तर वाघबारशीच्या आसपास जा आणि देवाजवळचा फोटो विचारूनच काढा. एका ठिकाणी नको म्हणाले. नाही काढला.

आणि हे फार महत्त्वाचं आहे: उघड्यावर पडलेल्या वीरगळ (वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड), गधेगळ (गाढवाची शापवाणी कोरलेले दानाचे दगड), जुन्या मूर्ती यांचं अचूक लोकेशन साइटवर टाकू नका. गधेगळाखाली धन असतं अशी समजूत अजून आहे आणि लोक खणतात. गावाचं नाव पुरे. फोटोतल्या माहितीतही जीपीएस असतं, अपलोडच्या आधी ते काढा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ, तेल काही लावायचं नाही, सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा जा किंवा बाजूने टॉर्च धरा, खडूपेक्षा चांगलं दिसतं.

नवी साइट

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, मी थोडक्यात सांगते. डेटाबेस नसलेली साधी एचटीएमएल पानांची साइट करा. ह्यूगो सारखं टूल मजकुराच्या साध्या फायलींमधून पानं बनवतं आणि गिटहब पेजेसवर ती फुकट ठेवता येतात. घरात ते जमणारं कोणी नसेल तर वर्डप्रेस घ्या, पण मग दर महिन्याला अपडेट करायची जबाबदारी कोणा एकावर टाका, नाहीतर वर्षभरात कोणीतरी आत घुसतं.

पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये एम-आर लिहून सांगा, म्हणजे ज्या फॉण्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. मुक्त, नोटो, तिरो देवनागरी मराठी असे मोकळे फॉण्ट आहेत. अक्षर मोठं ठेवा, काकांचे अर्धे वाचक सत्तरीचे आहेत आणि सगळे मोबाइलवर वाचतात. पत्ते रोमन अक्षरात आणि छोटे करा, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर पेस्ट केला की टक्क्यांची लांबलचक रांग होते आणि लोक त्यावर टिचकी मारत नाहीत. नकाशा, तलाव, देव, किल्ले असे विभाग करा, पण जुनी अनुक्रमणिका पण एका पानावर तशीच ठेवा. आमच्याकडे ती सगळ्यात जास्त बघितली जाते.

फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करून मोठी टिफ फाइल घरी ठेवा आणि साइटवर हलकी जेपेग घाला. प्रत्येक फोटोखाली काय दिसतंय ते वाक्यात लिहा. काकांच्या एका फोटोखाली नुसतं "तलाव" होतं, ठाण्यात हे लिहून काय उपयोग? मागचं देऊळ आणि पायऱ्या बघून ते मासुंदा आहे हे ओळखायला चार माणसं लागली.

पुन्हा बंद पडू नये म्हणून

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. आमची एक हार्डडिस्क माझ्याकडे, एक कळव्याला बहिणीकडे, एक क्लाउडवर. दर दिवाळीला त्या उघडून बघतो. नवीन पान टाकलं की वेबॅक मशीनच्या सेव्ह पेज मध्ये त्याचा पत्ता टाकायचा, अर्धा मिनिट लागतो. डोमेन एकदम पाच वर्षांचं भरलं आणि रिन्यूची मेल दोघींना येते अशी ठेवली, कारण काकांच्या वेळी सगळे पासवर्ड त्यांच्या डोक्यात होते आणि ते हॉस्पिटलमध्ये असताना विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

पासवर्ड आता एका वहीत आहेत. वहीच्या पहिल्या पानावर साइट कशी चालवायची ते दहा ओळीत लिहिलंय, जिला कॉम्प्युटरचं काही येत नाही तिला पण कळेल असं. ते पान मी काकूंना वाचायला दिलं. त्यांना सातव्या ओळीत अडलं, ती ओळ परत लिहिली, आता वही त्यांच्याच कपाटात आहे, बुटाच्या खोक्यातल्या त्या सहा सीड्यांच्या शेजारी.